बटाट्याच्या किड्यांचा खटला

२१ एप्रिल १९९२

प्रिय इर्मगार्ट,

तुझ्या भाच्याचा हाल्लेमधला पत्ता मला पोस्टातल्या मुलीकडून मिळाला. ती देत नव्हती, मी दरडावून घेतला. कपाळावर ताजे टाके असलेल्या बाईने पिशवी उचलून एकटीने गाडीत बसू नये, एवढं बोलून तो विषय संपवते. आधी घराचं सांगते, कारण तुला तेच ऐकायचं असणार. रस्त्याकडच्या एकाही खिडकीला काच उरलेली नाही. मी सुतार बोलावून फळ्या ठोकून घेतल्या. दारावर लाल रंगाने 'चुगलखोर' लिहिलं होतं. टर्पेंटाइन लावून घासलं, अक्षरं गेली, लाकडावर गुलाबी झाक राहिली. उंबऱ्यावर मान मुरगळलेलं एक मांजर टाकलेलं होतं. घाबरू नकोस, तुझं नव्हे. तुझं माझ्याकडे आहे आणि माझ्याच खुर्चीत झोपतं. तुझ्यावर दगड कोणी मारला ते मी पाहिलं आहे. नाव लिहीत नाही. नावं लिहून घेण्याचा आपल्या गावाला आधीच फार शौक आहे.

तू गेल्यापासून गाव शांत होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. समोर माणूस नसला की त्याच्याबद्दल काहीही बोलता येतं. काल कोनराडीबाईच्या पावाच्या दुकानात रांगेत उभी होते. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "थेक्लाबाई, तुम्ही तिच्या खिडक्यांना फळ्या ठोकता? अहो, तुम्हालाच तर तिने आत पाठवलं!" मी म्हटलं, "मला एक राईचा पाव द्या." मागून कोणीतरी तरुण आवाज म्हणाला, "पूर्वीचे लोक बरे होते, अशीला सरळ जाळून मोकळे व्हायचे." त्यावर कोनराडीबाई हसत म्हणाली, "इतक्यात नको रे बाबा, तीस तारखेला बाहेरचं गिऱ्हाईक येणार आहे, त्यांना धुराचा त्रास होईल." सगळी रांग हसली. तिच्या काउंटरवर कणकेच्या भाजलेल्या चेटकिणी ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या टांगेखाली दालचिनीचा झाडू. यंदा तीस तारखेच्या चेटकिणींच्या रात्रीसाठी पश्चिमेकडून बसगाड्या भरभरून येणार म्हणून सगळ्या दुकानांनी चेटकिणी टांगल्या आहेत. खाटकानेसुद्धा. त्याची मांसाच्या आकड्यालाच लटकवलेली आहे आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

आता रविवारचं. तुला निरोप मिळालाच असेल, पण तिथे बसून तुला त्याचं गांभीर्य कळत नसेल. येत्या रविवारी चर्च सुटल्यावर नगरभवनाच्या वरच्या दालनात सभा आहे. दोन ठराव आहेत. पहिला, नगरपालिकेने तुला दिलेलं घर काढून घ्यायचं. दुसरा, जुन्या कम्युनिस्ट राजवटीत तुरुंगात गेलेल्यांच्या नावांची जी पाटी लागणार आहे तिच्यातून तुझं नाव वगळायचं आणि ऑर्गनवादक टीड्केंच्या मृत्यूला तू कारण झालीस असं सभेच्या वृत्तांतात नोंदवायचं. म्हणजे सहा वर्षं तुरुंग भोगलेली बाई तुरुंगवाल्यांच्या बाजूला जाऊन बसणार. ठराव मांडणार आहे टीड्केंचा फोल्कमार. आणि त्याला दुजोरा द्यायला बोलावलं आहे मला, कारण जुन्या फाइली उघडल्यावर पेपरात तुझा १९५० सालचा जबाब छापून आला त्यातल्या नऊ नावांत पहिलं नाव माझं होतं.

फोल्कमार परवा घरी आला होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, कुलपं दुरुस्त करतो, हात बापासारखेच लांब. बसला नाही. खिशातून तू सभेसाठी लिहून दिलेलं निवेदन काढून माझ्यापुढे धरलं. "वाच मावशी. कबूल केलं तिने. स्वतःहून. कोणी तिला बोटही लावलेलं नाही."

"मग कपाळ कशाने फुटलं?"

"ते वेगळं. ते पोरांनी केलं."

"पोरांना शाळा नसते का हल्ली?"

तो रागावला. म्हणाला, "तू नेहमी असंच बोलतेस. माझा बाप कसा मेला ते मला माहीत नाही. त्याला नेलं तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला एवढंच माहीत आहे की एका बाईने एका कागदावर त्याचं नाव सांगितलं. आता ती स्वतः म्हणते आहे, हो, सांगितलं. तू रविवारी फक्त उभी राहा आणि खरं आहे म्हण. बाकी काही बोलू नकोस." मग दाराशी थांबला आणि जरा नरमाईने म्हणाला, "तुझीही चार वर्षं गेली ना मावशी." मी त्याला चहा विचारला नाही. निवेदन मात्र ठेवून घेतलं.

ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. अक्षर तुझंच, फळ्यावर लिहायचीस तसं गोल. 'जुलै १९५० मध्ये मी नऊ निरपराध माणसांची नावं सांगितली. टीड्के माझ्यामुळे मेले. थेक्ला माझ्यामुळे तुरुंगात गेली. मला कोणतीही सबब सांगायची नाही. माझ्याबद्दल जो निर्णय होईल तो मला मान्य आहे.' शेवटी तू लिहिलंस, 'हे मी माझ्या इच्छेने, मोकळेपणाने लिहून देत आहे.' हे शब्द तुझे नाहीत. ते तुला कुठे शिकवले ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

त्या उन्हाळ्याबद्दल आपण दोघी आजवर एक शब्द बोललो नाही. म्हणून मला जे आठवतं ते लिहिते. तुला वेगळं आठवत असेल तर आल्यावर भांड. आपण दोघी तेव्हा चोविशीच्या, एकाच शाळेत शिकवत होतो. शेतात बटाट्यावर पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे किडे पडले होते आणि सरकारने भिंतीभिंतीवर पोस्टर लावली होती की हे किडे अमेरिकी विमानांनी वरून टाकले, आपल्याला उपाशी मारायला. दुपारची शाळा बंद करून मुलांना शेतात न्यायचं, किडे वेचून रॉकेलच्या बाटलीत टाकायचे. दुपारचं ऊन, वाकून वाकून पाठी मोडलेल्या, मुलं रडकुंडीला आलेली. आणि तू एक किडा तळहातावर घेऊन उंच धरलास आणि त्याला दटावलंस, "काय रे, विमानाने आलास म्हणे. तिकीट दाखव!" मुलं हसून हसून सरीतच लोळली. मीही हसले. पोस्टरवरची गोष्ट खरी आहे असं गावात कोणालाच वाटत नव्हतं, शाळेतल्या पक्षाच्या माणसालासुद्धा. पण वाटत नाही हे बोलून दाखवायचं नसतं, एवढं भान तुला त्या उन्हात राहिलं नाही. मुलांनी घरी जाऊन तो खेळ केला. घराघरांत जेवणाच्या टेबलावर किड्यांकडे तिकिटं मागितली जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी तुला वर्गातून नेलं.

मी सुटून आले तेव्हा मला पुन्हा शिकवू देणार नव्हतेच. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात झाडलोट आणि जुनी बाडं लावण्याचं काम दिलं. कोणाला वाटलं असेल, चारशे वर्षांपूर्वीच्या कागदांत ही बया काय राजकारण करणार. तिथे मला ओटिलिये क्रामर भेटली. हिचं नाव तू ऐकलं आहेस. गायरानात स्मारकाचा जो दगड एक मे रोजी बसवायचा आहे, त्यावर तिचं नाव येणार आहे आणि त्यावरचा मजकूर लिहायचं काम नगरपालिकेने मलाच दिलं आहे. म्हणजे याच आठवड्यात एकाच नगरपालिकेला माझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एका बाईला निर्दोष म्हणायचं आणि दुसरीला दोषी.

ओटिलिये विधवा होती, कोबी लावायची. १६१३ साली गावाच्या सगळ्या कोबीत अळी पडली. शेजारीण रडत होती, तेव्हा ही म्हणाली, "अळीलाही देवाने पोट दिलंय, बाई. खाऊ दे, तिचं झालं की आपण खाऊ." थट्टाच होती. तुझ्यासारखीच जीभ. आठवड्याभरात तिला नगरभवनाच्या तळघरात नेलं. अळ्या कोणी दिल्या, सैतानाने कशातून दिल्या, एप्रनमधून की टोपलीतून, हे विचारलं. तिने नाही म्हटलं तेव्हा अंगठे स्क्रूमध्ये घालून आवळले, नखांखालून रक्त येईपर्यंत. मग हात पाठीमागे बांधून, त्याच दोराने वर ओढून, पायांना दगड लावून लटकवलं. दोन्ही खांदे निखळले. कारकुनाने अगदी नीट लिहून ठेवलं आहे की खांदे निखळल्यावर ती 'मोठ्याने ओरडली, पण अश्रू आले नाहीत', आणि अश्रू न येणं हाही पुरावा धरला. तरी त्यांना अळ्यांपेक्षा दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर जास्त हवं होतं. बोकडडोंगरावरच्या चेटकिणींच्या नाचाला तू गेलीस, तर तिथे आणखी कोण होतं? आग लागायला एक बाई पुरते, पण पेटत राहायला नावं लागतात.

बोकडडोंगर, इर्मगार्ट. आपलाच. आपण तिथे १९५०च्या मे महिन्यात चर्चच्या गायनमंडळाबरोबर गेलो होतो, दहा माणसं आणि टीड्केंच्या बायकोने केलेला प्लमचा केक. टीड्के झाडाला टेकून ताल देत होते आणि खांद्यावर बसलेला छोटा फोल्कमार त्यांचे कान ओढत होता. त्या दुपारचं त्यांनी काय केलं ते आठव. मला तुझ्यानंतर चार दिवसांनी उचललं आणि पहिला प्रश्न तोच आला. डोंगरावर कोण कोण होतं? किडे तिथे वाटले गेले ना? मी म्हटलं, डोंगरावर बटाटे लावत नाहीत. चौकशी करणाऱ्याने माझ्या तोंडावर अशी थप्पड मारली की एका कानाने मला आजही नीट ऐकू येत नाही. तो गोरा, बारीक ओठांचा, आपल्याहून लहानच असेल, आणि मला पूर्ण वेळ 'बाईसाहेब' म्हणायचा. "बाईसाहेब, बसू नका. बाईसाहेब, डोळे मिटू नका." डोळे मिटले की शिपाई केस धरून डोकं भिंतीवर आपटायचा. खालच्या कोठडीत घोट्यापर्यंत पाणी होतं आणि उभं राहायलाच जागा होती. पायांची कातडी सोललेल्या बटाट्यासारखी निघू लागली. टीड्केंना समोरच्या खोलीत आणलं होतं. त्यांचा हात दाराच्या चौकटीत धरून दार लावलं गेलं, मग पुन्हा उघडून पुन्हा लावलं. दोन्ही वेळा मी ऐकलं. ऑर्गनवादकाचे हात आहेत हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच हात. ते दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगाच्या दवाखान्यात फुप्फुसाच्या आजाराने गेले असं कागद म्हणतो. रक्त ओकत गेले, असं त्यांच्या कोठडीतल्या माणसाने मला नंतर सांगितलं. फोल्कमारला हे मी सांगितलेलं नाही. रविवारी सांगणार आहे.

जुन्या कायद्यात एक रीत होती आणि ती त्या काळी दयेची मानली जायची. छळाच्या खोलीत दिलेला जबाब धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईला वर आणायचं, नगरभवनाच्या वरच्या दालनात, हो, रविवारची सभा आहे त्याच. हात सोडायचे, तोंड धुवायला द्यायचं, गरम बिअरचं सूप पाजायचं, खिडकी उघडायची. मग न्यायाधीश सौम्य आवाजात विचारणार, "काल जे सांगितलंस ते आता कोणत्याही धाकाशिवाय, आपल्या इच्छेने, मोकळेपणाने पुन्हा सांग." सांगितलं तर जबाब पक्का. नाही म्हटलं तर पुन्हा खाली. ओटिलिये पहिल्या सकाळी नाही म्हणाली. तिला खाली नेलं. दुसऱ्या सकाळी तिला चालता येत नव्हतं, खुर्चीत घालून वर आणलं, तरी नाही म्हणाली. खाली नेलं. तिसऱ्या सकाळी तिने सगळं मोकळेपणाने सांगितलं. अळ्या एप्रनमधून आणल्या, डोंगरावर नाचले, माझ्याबरोबर गिरणीवाल्याची बायको आग्नेस होती. ओटिलियेला सप्टेंबरात गायरानात जाळलं. ओली लाकडं लागली म्हणून फार वेळ गेला, असं कारकुनाने लिहिलं आहे. आग्नेसला त्यानंतर, पानगळीत. पण त्या कारकुनाला एक श्रेय द्यायला हवं. त्याने दोन्ही नकार लिहून ठेवले. 'आरोपीने मागे घेतलं', तारखेसकट. साडेतीनशे वर्षांनी मी ते वाचू शकले.

एक मेच्या दगडावर या दोघींची नावं एकाखाली एक येणार आहेत. नगरपालिकेत कोणीही विचारलं नाही की ओटिलियेने आग्नेसचं नाव घेतलं होतं, मग दोघी एकाच दगडावर कशा? कोणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांना लख्ख कळतं की आग्नेसला ओटिलियेने जाळलं नाही. मेलेल्यांच्या बाबतीत हे कळायला काही जड जात नाही. मी फोल्कमारला परवा एवढंच विचारलं होतं. तो म्हणाला, "ते चारशे वर्षांपूर्वीचं आहे, मावशी. त्यांना छळलं होतं." मी विचारलं, "आणि इर्मगार्टला?" तो म्हणाला, "तिच्या जबाबात तसं कुठे लिहिलंय? तिच्या जबाबात लिहिलंय, मोकळेपणाने." आणि तोच शब्द तुझ्या नव्या निवेदनातही आहे, म्हणजे त्याच्या हातात दोन कागद झाले. तू स्वतः त्याला दुसरा दिलास. मी तुझ्यावर रागावले आहे, हे तुला कळावं.

तू ५६ साली सुटून आलीस तेव्हा मी स्टेशनवर होते. मी खांबाशी उभी होते, तू उतरलीस, पुढचे दात नव्हते, केस कापलेले, आणि तू माझ्याकडे पाहून मान वळवलीस आणि रूळ ओलांडून मालधक्क्याच्या बाजूने निघून गेलीस. त्यानंतर छत्तीस वर्षं तू मला पाहिलंस की रस्ता ओलांडायचीस. माझी आई वारली तेव्हा कबरस्तानाच्या भिंतीपलीकडे उभी राहिलीस, आत आली नाहीस. मला त्याचा एकच अर्थ लागत होता आणि मी तो पक्का धरून बसले होते. काय अर्थ, ते आता लिहिते, कारण तुझं निवेदन वाचल्यावर कळलं की आपण दोघी दोन वेगळ्या गोष्टी धरून बसलो होतो.

तुझा जबाब झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाण्यातून काढून वरच्या मजल्यावर नेलं. एका छोट्या खोलीत स्टुलावर बसवलं, हात मागे नळाला बांधले, तोंडात टॉवेल कोंबला. शेजारच्या खोलीचं दार वीतभर उघडं ठेवलं होतं. आतून खऱ्या कॉफीचा वास येत होता. त्या दिवसांत खरी कॉफी! मला वाटलं, शुद्ध हरपते आहे. मग त्याचा आवाज आला, "बाईसाहेब, काल जे सांगितलंत ते आता मोकळेपणाने पुन्हा सांगा. कॉफी घ्या आधी." त्याला वाटत होतं की मी तुझ्या तोंडून माझं नाव ऐकेन आणि मोडेन. आणि तू म्हणालीस, "नाही. ते सगळं खोटं आहे. तुम्ही मारलंत म्हणून बोलले. थेक्लाने काही केलं नाही. टीड्केंनी काही केलं नाही. त्यांच्या खांद्यावर पोर होतं, पोर घेऊन कोणी कट करतं का? आम्ही डोंगरावर केक खाल्ला." कप फुटल्याचा आवाज आला. मग मार. रबरी नळीचा आवाज वेगळा असतो, ओल्या कपड्यावर काठी मारल्यासारखा. दुपारी तुला पुन्हा आणलं, पुन्हा कॉफी, पुन्हा तोच सौम्य प्रश्न. तू पुन्हा म्हणालीस, "केक खाल्ला." या वेळी शब्द फुटके येत होते, पुढचे दात राहिले नव्हते. दुसऱ्या सकाळी तिसऱ्यांदा. मला वाटलं, आता नाही म्हणणार नाही, आता कोणीच म्हणू शकणार नाही. तुझं उत्तर शब्दांत नव्हतंच, तू नुसती मान हलवली असशील, कारण तो ओरडला, "मान हलवू नका, बोला!" आणि तू बोललीस, "नाही." मग तुझं डोकं टेबलावर आपटायला लागलं, थांबेना, आणि मी टॉवेलमधून ओरडायला लागले. त्यांनी टॉवेल काढला. मी म्हटलं, हो. मी केलं. किडे मीच आणले, काड्यापेटीतून, डोंगरावर मीच वाटले. तिचा काही संबंध नाही. त्यांनी लगेच लिहून घेतलं आणि त्यांना तुझ्या नकाराची गरज उरली नाही. म्हणून तुझा पहिला जबाब फाइलमध्ये राहिला आणि तिन्ही नकार कोणी लिहिलेच नाहीत. मी चार वर्षं भोगली ती माझ्या स्वतःच्या तोंडून निघालेल्या 'हो'वर, इर्मगार्ट, तुझ्या कोणत्याही शब्दावर नव्हे. ते मी जाणूनबुजून म्हटलं आणि आज पुन्हा त्या स्टुलावर बसले तरी म्हणेन. तू तीनदा सोसलंस आणि मी शेवटी हो म्हणून ते सगळं वाया घालवलं, म्हणून तू रस्ता ओलांडतेस, असं मी आजवर समजत होते. मी दाराआड होते हे त्यांनी तुला सांगितलंच नाही, हे मला परवा कळलं. सुटताना माझ्याकडून सही घेतली होती की तिथलं काही बोलणार नाही. ती सही मी रविवारी त्याच वरच्या दालनात मोडणार आहे. उभी राहून सगळं सांगणार आहे, शब्द न् शब्द, फोल्कमारच्या तोंडावर. मी केकपाशी आले की त्याला कळेल मी खरं बोलते आहे, ती दुपार त्याच्या आईने अजून विसरलेली नाही. पण ऐकलेलं मी सांगेन. म्हटलेलं तूच मागे घ्यायला हवं. त्या वेळी मारूनही तुझ्याकडून पुन्हा हो म्हणवता आलं नाही, आणि आता काच फोडणाऱ्या चार पोरांना घाबरून, माझं आणि टीड्केंचं ऋण फेडल्यासारखं, तू मोकळेपणाने हो लिहून दिलंस. तो कागद खोटा आहे आणि तो मला चालणार नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने ये. टाक्यांवर पट्टी बांधून ये, रुमाल नको, लोकांना दिसू दे. रविवारी माझ्या शेजारी बस, तुझं नाव पुकारलं की उठ, आणि तो कागद मागे घे. लांब भाषण करायची गरज नाही, एक शब्द पुरे. तो तुला कसा म्हणता येतो ते मी ऐकलेलं आहे.

तुझीच,
थेक्ला